रातकिड्यांचा डबा

भांडण झालं ते कोळ्यावरून नव्हे, अंड्यांच्या पुठ्ठ्यावरून.

विश्रामबागेतल्या त्या जैन घरात कांदा-लसूण येत नव्हता, बटाटा येत नव्हता, प्यायचं पाणी फडक्यातून गाळलं जात होतं आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं आटपत होती. राजमतीनं हे सगळं आष्ट्याला, सासरी, अंगवळणी पाडून घेतलं होतं आणि सांगलीत बिऱ्हाड केल्यावरही त्यातलं काही सुटू दिलं नव्हतं. अशा घरात सुनेनं माहेराहून येताना काचेच्या छोट्या पेटीतून एक केसाळ कोळी आणला, तेव्हा राजमती काही बोलली नाही. जीव आहे, राहील कोपऱ्यात, असं मनाशी म्हणाली. पण सुनेच्या दुसऱ्या पिशवीतून प्लॅस्टिकचा मोठा डबा निघाला. डब्यात बारके बारके रातकिडे होते, आणि ते ज्याच्यावर चढून बसले होते ते राजमतीनं ओळखलं.

"हे कशाचं गं, ज्ञानदा?"

"अंड्यांचे ट्रे आहेत, आई. रिकामे. रातकिड्यांना अंग लपवायला खळगे लागतात, नाहीतर ते एकमेकांना चावतात."

"रिकामे म्हंजे कुणीतरी अंडी काढून घेतलेले."

"दुकानातून आणलेत हो."

"मग दुकानदारानं काय कोंबडीकडनं उसने आणले व्हय?"

वर्तमानपत्राआडून जिनपाल हसले. जिनपाल म्हणजे राजमतीचे यजमान. रोज सकाळच्या एसटीनं आष्ट्याच्या शेतावर जाऊन दुपारी परत यायचे, आणि घरातल्या बायकांच्या बोलण्यात हसण्यापलीकडे भाग घ्यायचा नाही असा त्यांचा शिरस्ता होता.

ज्ञानदा हसली नाही आणि वादही घातला नाही. वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. एखादी गोष्ट एकदा, पुरेशा शब्दांत सांगायची आणि थांबायची. लग्नाला तीन वर्षं होत आली तरी दोघींमध्ये वैर नव्हतं, तशी सलगीही नव्हती. राजमतीचा मुलगा पारस शिरवळच्या कारखान्यात होता, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे दिवस या दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या जपून वागायच्या.

त्या दिवशी राजमतीनं कपाटावरचं साड्यांचं खोकं खाली काढलं. त्याचा पुठ्ठा कापून पंख्यासारख्या घड्या घातल्या आणि न बोलता ज्ञानदापुढे ठेवल्या. ज्ञानदानं अंड्यांचे ट्रे काढून बाहेर नेऊन टाकले. संध्याकाळपर्यंत रातकिडे घडीघडीतून असे बसले होते, जणू त्यांचा जन्मच साडीच्या खोक्यात झाला होता.

मग गाजर आडवं आलं. रातकिड्यांना पाण्याची वाटी ठेवायची नसते, तीत ते बुडून मरतात. ओल्या भाजीतून पाणी मिळतं, त्यासाठी गाजराच्या चकत्या घालायच्या असतात. गाजर जमिनीखालचं. त्याच्याऐवजी काकडी ठरली, आणि काकडी चिरायचं काम आपोआप राजमतीकडे आलं. पुढे डबाच तिच्याकडे आला. तळाशी गव्हाचा कोंडा कोरडा ठेवायचा, काकडीचे तुकडे रोज बदलायचे, मेलेले किडे वेचून काढायचे, ओल धरू द्यायची नाही, कारण ओल धरली की वास सुटतो आणि डबाच्या डबा मरतो. यातलं बहुतेक तिला शिकवावंच लागलं नाही. वर्षाचं धान्य कीड न लागू देता राखणारी बाई ती. किडे राखणं तिला उलटं वाटलं, पण अवघड वाटलं नाही.

"गोठ्याला वैरण टाकली का?" शेतावरून आल्यावर जिनपाल डब्याकडे बघत विचारायचे.

"टाकली."

"आता हे कोळ्याच्या तोंडी द्यायचेच हायत, तर एवढी बडदास्त कशापायी?"

"मरंपर्यंत तरी नीट जगू देत की."

किडे द्यायचं काम ज्ञानदाचं. आठवड्यातून एक-दोनदा ती डब्यातून एक लहानसा रातकिडा चिमट्यानं उचलायची, मागच्या गॅलरीत जायची, त्याचं डोकं चिमट्यानं दाबायची आणि मग तो पेटीत ठेवायची. कोळी अजून पिलू आहे, जिवंत किडा त्याला इजा करू शकतो, असं तिचं म्हणणं. ती गॅलरीकडे निघाली की राजमतीला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं.

कोळी दिसायला वाईट नव्हता. पाय पसरले तर आगपेटी झाकेल एवढाच. तो साताऱ्याला ज्ञानदाच्या वडिलांच्या घरीच अंड्यातून निघाला होता. विष्णुपंत प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्त. बायको गेल्यावर त्यांनी एका खोलीत असे कोळी पाळले होते, रीतसर, प्रत्येकाच्या पेटीवर चिठ्ठी लावून. मग त्यांची फुप्फुसं घट्ट होत चालली. जिना चढवेना, पुढे बोलताना धाप लागायला लागली. त्यांनी एकेक पेटी जुन्या विद्यार्थ्यांना देऊन टाकली. सगळ्यांत धाकटा मुलीला दिला.

भाद्रपद लागला आणि साताऱ्याहून फोन आला की विष्णुपंतांना आता चोवीस तास प्राणवायू लावला आहे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. घरी न्यायला सांगणं म्हणजे काय, हे कुणाला फोड करून सांगावं लागलं नाही. पारस शिरवळहून परस्पर साताऱ्याला गेला. ज्ञानदानं कॉलेजात रजा टाकली आणि बॅग भरली. बॅग भरून झाल्यावर ती पेटीपुढे उभी राहिली.

राजमती दारात होती. "मी बघीन त्याचं," ती म्हणाली.

ज्ञानदानं वळून पाहिलं.

"आई, तुम्हाला नाही जमणार. त्यात मारावं लागतं."

"तू दाखीव तर खरं."

गॅलरीत ज्ञानदानं चिमटा कसा धरायचा ते दाखवलं. राजमतीनं रातकिडा धरला. चिमट्याच्या टोकातून त्याच्या पायांची धडपड तिच्या बोटांपर्यंत पोचली, आणि तिनं तो परत डब्यात सोडून दिला.

"बरं, राहू दे," ज्ञानदा म्हणाली. "सगळ्यांत लहान बघून जिवंतच सोडा. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाल्लेला नसला तर बाहेर काढायचा. आठवणीनं काढायचा, आई. आत ठेवायचा नाही, त्रास देतो तो."

खाली रिक्षा उभी होती, जिनपाल हाका मारत होते. बॅग उचलता उचलता ज्ञानदा थांबली, काहीतरी आणखी सांगणार असं वाटलं, पण ती वाकली आणि राजमतीच्या पाया पडली. नेहमी सणासुदीला पडायची तशी नाही. तिचा हात राजमतीच्या पावलावर जरा जास्त वेळ राहिला. "बाबा रोज त्याचं विचारतात," ती म्हणाली आणि गेली.

त्या क्षणापासून राजमतीच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. पोरगी परत येईल तेव्हा तिचे वडील नसतील. तेव्हा त्यांनी दिलेला हा जीव तरी पेटीत धडधाकट असला पाहिजे.

पहिल्या खेपेला तिनं सगळ्यांत लहान किडा सोडला, पाठ फिरवली आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. वळून पाहिलं तर किडा नव्हता. कोळ्याच्या तोंडाशी काहीतरी काळसर होतं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं.

रोज दुपारी चारच्या सुमाराला ज्ञानदाचा फोन यायचा. ती फोन वडिलांच्या कानाशी धरायची. विष्णुपंतांचा आवाज वाऱ्यातून आल्यासारखा, तुटक यायचा, मागे यंत्राची घरघर असायची.

"विहीणबाई, आमच्या धाकट्याचं जेवण झालं का?"

"झालं, सर."

"कसं जेवला? झडप घातली, की दबकत गेला?"

राजमतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "मी पाठ फिरवून उभी हुते, सर. णमोकार म्हणत."

तिकडे हसण्याचा आवाज आला आणि त्यातूनच खोकला सुरू झाला. खोकला थांबायला वेळ लागला. "म्हणा. जरूर म्हणा. पण पुढच्या वेळी... तोंड इकडे करून म्हणा. आपण दिलंय ना? मग बघायचं."

हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तिला शिकवलं होतं ते तोंड फिरवायला. बाजारात मटणाच्या दुकानापुढून जाताना, रस्त्यात गाडीखाली आलेलं कुत्रं दिसल्यावर. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या वाक्याचा विचार करत राहिली. मरणाच्या दारात बसलेला माणूस सांगतोय, बघायचं. तर बघायला पाहिजे.

पुढच्या खेपेला तिनं पेटीपुढे खुर्ची घेतली आणि किडा सोडून बघत बसली. रातकिडा काचेला मिशा लावत फिरला. कोळ्याच्या पायाला त्याचा धक्का लागला. कोळी मागे सरला. किडा पुन्हा जवळ गेला, कोळ्यानं पुन्हा पाय आखडले आणि कोपऱ्यात दबून बसला. राजमतीनं णमोकार म्हणायला सुरुवात केली होती, तो मध्येच कधी थांबला ते तिला कळलं नाही. तासभर बसूनही काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किडा जिवंत होता.

त्याच दिवशी दशलक्षण पर्व सुरू झालं. गल्लीच्या तोंडाशी गणपतीच्या मंडपात लाऊडस्पीकर लागला होता, आणि इकडे राजमतीचं एकाशन होतं, दिवसातून एकदाच जेवण. बस्तीत, देवाच्या दर्शनाला, जायला निघण्याआधी ती चिमटा घेऊन पेटीपाशी आली. काढायचा, आठवणीनं काढायचा, हे तिला अक्षरन् अक्षर आठवत होतं. तिनं झाकणही उघडलं.

पण हा काढला, तर उद्या-परवा दुसरा टाकावा लागणार. डब्यात हात घालायचा आणि त्या पन्नासांतून एक निवडायचा. ऐन पर्वात. हा तर आधीच आत होता. कोळ्याला भूक लागली तर तो खाईल, न लागली तर हा जगेल. जे होईल ते त्या दोघांमधलं असेल. राजमतीला त्यात निवड करावी लागणार नाही.

तिनं झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं आणि काकडीचा एक नखाएवढा तुकडा किड्यासाठी आत ठेवला. कोळी खात नाही तोवर हा तरी उपाशी का राहावा?

दुपारी फोन आला. आज यंत्राची घरघर जास्त होती. आधी ज्ञानदा बोलली, हळू आवाजात. "आई, बाबांना बोलवत नाहीये. पण त्यांना ऐकायचंय."

"विहीण... बाई. खाल्लं?"

राजमतीनं आयुष्यात खोटं बोलणं टाळलं होतं. म्हणजे बाजारातलं, पाहुण्यारावळ्यांतलं किरकोळ बोलली असेल, पण विचारलेल्या सरळ प्रश्नाला खोटं उत्तर देणं तिला येत नव्हतं. तिनं पेटीकडे पाहिलं. रातकिडा काकडीवर बसला होता. नाही म्हटलं, तर तो माणूस तिकडे पडल्या पडल्या काळजी करत बसणार. काळजी करायलाही श्वास लागतो.

"खाल्लं, सर," ती म्हणाली.

"बघितलं?"

"बघितलं. झडप घातली."

"पोट... कसं दिसतं?"

हे मात्र तिनं खरं सांगितलं. "चांगलं गच्च भरलंय. तुकतुकीत दिसतंय."

"वा," विष्णुपंत म्हणाले. ज्ञानदानं फोन घेतला. "ऐकून बरं वाटलं त्यांना," एवढंच म्हणाली.

त्यानंतर रोज तेच. दशलक्षणाचा एकेक दिवस क्षमा, सत्य अशा एकेका धर्माचा असतो. सत्याचा दिवस आला त्या दिवशी बस्तीत पंडितांनी सत्यावर प्रवचन दिलं. राजमती मान खाली घालून बसली. घरी आली आणि चार वाजता म्हणाली, "काल एक खाल्ला, सर. आज न्हाई दिला, पोट भरलेलं हाय." बोलताना जीभ अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

रातकिडा आत वाढत होता. राजमती रोज काकडीचा तुकडा बदलायची. कोळी हलत नव्हता. पोटाचा तुकतुकीत भाग काळा पडत चालला होता, आणि एक दिवस त्यानं जमिनीवर पांढरं, दाट जाळं अंथरलेलं दिसलं. तिला ते आवडलं. चांगलं अंथरूण घातलंय, असं तिनं जिनपालांना सांगितलं. त्या दोघांना एका पेटीत बघून, तिनं कबूल केलं नसतं पण तिला बरं वाटत होतं. पर्वाच्या दिवसांत तिच्या घरात कुणी कुणाला मारलं नव्हतं.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी आंघोळ करून ती पेटीपाशी गेली, तर कोळी पाठीवर उताणा पडला होता.

मेला, असं तिला आधी वाटलं. मग वाकून पाहिलं. त्याच्या अंगावरची जुनी कातडी पाठीकडे फाटली होती आणि तिच्यातून नवं अंग अर्धवट बाहेर आलं होतं. फिकट, ओलसर, दुधावरच्या सायीसारखं मऊ. नवे पाय जुन्या पायांतून निम्मे सुटले होते, हातमोज्यातून बोटं काढावीत तसे. रातकिडा त्याच्या पोटावर बसला होता. त्याचं तोंड हलत होतं.

तिनं चिमट्यानं किडा उचलला. आधी तो दोनदा निसटला होता. कोळ्याचा एक पांढरा पाय वर उठला, हळूच वाकला, परत उठला. पोटावर भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्यासारखं काहीतरी झिरपत होतं. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. तिनं खुर्ची ओढली. आता तिनं तोंड फिरवलं नाही. णमोकार म्हणत ती बसली, सारखा, न थांबता, पाय हलायचा बंद होईपर्यंत. तोवर दुपार झाली होती.

चिमट्यात धरलेला रातकिडा तिनं मघाशीच डब्यात सोडला होता. आता डब्यात पाहिलं तर त्या सगळ्यांत तो कुठला, हे सांगता येत नव्हतं.

जिनपाल आले तेव्हा ती तिथंच होती. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कशानं गं?"

"माझ्यानं."

त्यांनी ऐकून घेतलं. सगळं, फोनवरच्या बोलण्यासकट. मग खाटेच्या कडेवर बसून गुडघे चोळत म्हणाले, "हे बघ. पारसला सांगू. पुण्यात-बिण्यात मिळत असंल असला. तिला यायला अजून वेळ हाय, तवर दुसरा आणून ठिवू. आठ पाय, काळा केसाळ. कोण वळखतंय?"

"ती वळखंल."

"कशावरनं?"

"तुमी तुमची म्हस बाजारात वळखता न्हाई व्हय? शंभरात?"

जिनपालांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

त्या दिवशी चारला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. पर्व संपल्यावरचा तो एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. बस्तीत सगळ्यांनी एकमेकांपुढे हात जोडले, राजमतीनंही जोडले. शेजारणीपुढे, जावेपुढे, जिच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं त्या नणंदेपुढेसुद्धा. घरी येऊन तिनं फोन हातात घेतला. ज्ञानदाला सांगायचं, आत्ता, आजच्या दिवशी. ती नंबर शोधत होती तेवढ्यात पारसचा फोन आला. विष्णुपंत पहाटे गेले होते.

"ज्ञानदा कशी हाय?"

"बसलीये. रडत नाहीये. आई, ती म्हणत होती तुला सांग... बाबांना शेवटपर्यंत त्या कोळ्याचं ऐकायचं होतं. काल फोन राहिला तर खुणेनं विचारत होते."

"मग काय सांगितलं त्यांना?"

"ज्ञानदा म्हणाली, खाल्लं."

राजमतीनं फोन ठेवला. त्या दिवशी सांगणं झालं नाही, आणि त्यानंतर फोनवर सांगण्यासारखं ते राहिलं नाही.

ती आणि जिनपाल साताऱ्याला भेटून आले. तिथं घर माणसांनी भरलेलं होतं. ज्ञानदानं पेटीचं विचारलं नाही, राजमतीनं काढलं नाही. परत आल्यावर तिनं पेटीवर धुतलेलं फडकं टाकलं. आतलं काही हलवलं नाही. पुरावं, असं जिनपाल म्हणाले होते. ती म्हणाली, ते तिचं हाय, तिला बघू दे. रातकिड्यांना मात्र रोज काकडी मिळत होती. त्यांना आता पंख फुटले होते आणि त्यातले नर ओरडायला लागले होते.

तेराव्यानंतर ज्ञानदा आली. पारस सामान घेऊन मागे होता. ती फार बारीक झाली होती, आणि आत आल्या आल्या तिची नजर कपाटाजवळच्या त्या फडक्याकडे गेली.

"आधी बस," राजमती म्हणाली.

"आई..."

"बस. मी सांगते ते ऐक, मग जा तिकडं."

तिनं उभ्यानंच सांगितलं. किडा न काढल्याचं सांगितलं, का नाही काढला ते सांगितलं. काकडीचा तुकडा सांगितला. रोज चार वाजता काय बोलली ते सांगितलं, सत्याच्या दिवशीचंही. आवाज मोठा झाला नाही, रडूही आलं नाही. घटना जशा घडल्या त्या क्रमानं सांगत गेली. ज्ञानदा ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "खाणं कधीपासून बंद केलं होतं?" राजमतीनं दिवस सांगितला. ज्ञानदानं डोळे मिटले.

"कात टाकायच्या आधी ते खात नाहीत," ती म्हणाली. "पोट तुकतुकीत होतं, काळं पडतं. बाबांना नुसतं कळलं असतं ना, की खात नाहीये, तर त्यांनी त्याच क्षणी सांगितलं असतं. किडा काढा म्हणून."

पारस म्हणाला, "ज्ञानदा, आईला काय माहीत..."

"मी आईंना काही म्हणत नाहीये. मी काय झालं ते सांगतेय."

ती उठली, फडकं बाजूला केलं. टेबलाच्या खणातून भिंग काढलं, चिमटा घेतला. पोटाची वाळलेली, सुरकुतलेली कात तिनं हलक्या हातानं सोडवली, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरली आणि खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"मादी होती," ती शेवटी म्हणाली.

"कळतं?" राजमतीनं विचारलं.

"कातेच्या आतून कळतं. एवढी मोठी कात पहिल्यांदाच पडली." तिनं भिंग खाली ठेवलं. "नर थोडी वर्षं जगतात. मादी वीस-वीस वर्षं जगते."

वीस वर्षं. राजमतीनं मनात हिशेब केला. आपण तेव्हा असू-नसू. पोरगी पन्नाशीला आली असती आणि बापानं दिलेला जीव तिच्या घरात अजून असता.

"मला राग आलाय, आई," ज्ञानदा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तो लगेच जाणार नाही. काही दिवस राहील. तुम्ही मला समजवायला येऊ नका."

"नाही येत."

ज्ञानदानं कात एका काचेच्या नळीत ठेवली, कोळी कागदात गुंडाळला आणि एकटीच खाली गेली. सोसायटीच्या मागे थोडी मोकळी जागा होती. गॅलरीतून राजमतीला तिची वाकलेली पाठ दिसत होती. पारस जायला निघाला, तर तिनं त्याला हातानं थांबवलं.

दिवस मावळायच्या आधी जेवणं करायची म्हणून राजमती स्वयंपाकाला लागली. जिनपाल आणि पारस बाहेरच्या खोलीत हळू आवाजात रातकिड्यांचं काय करायचं ते बोलत होते. आष्ट्याला शेतात सोडू, असं जिनपालांचं म्हणणं. पिकं खातात ते, असं पारसचं. खाऊ दे की, किती खाणार, जिनपाल म्हणाले.

ज्ञानदा आंघोळ करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. केस ओले होते. राजमतीनं भाकरी थापता थापता वर पाहिलं आणि पुन्हा पिठाकडे पाहिलं. समजवायला जायचं नाही, असं ठरलं होतं.

"एक सांगायचं राहिलं," ज्ञानदा म्हणाली.

"सांग."

"बाबांनी खाणं सोडलं होतं. घास घेतला की धाप लागायची, म्हणून तोंडच मिटून घ्यायचे. मी, पारस, मावशी, सगळे विनवायचो. पण तुमचा फोन झाला की म्हणायचे, धाकट्यानं खाल्लंय, मग मलाही द्या. तेवढंच काय ते पोटात जायचं. रोज."

राजमतीचा हात भाकरीवर थांबला.

"दुपारी ठरवलं होतं, हे तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"मग का सांगितलंस?"

"झालंय ते तसंच. म्हणून."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ज्ञानदा पुढे आली, तिनं ती उलटली आणि तिथंच, ओट्याला टेकून उभी राहिली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. ते कुणी कमी केलं नाही, वाढवलंही नाही.

राजमतीनं पुढची भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "काय खायचे?"

"मुगाचं कढण. दोन-तीन चमचे."

"मीठ घालून?"

"नाही," ज्ञानदा म्हणाली. "गूळ लागायचा त्यांना. किंचित."